कोपर

मंगळवार ते शनिवार. डुक्कर संपलं की दुकान बंद.
दारावर वेळ लिहिलेली नाही, लिहिली तर खोटी ठरेल.
मी इथं एकतीस वर्षं ताटं वाहतेय.
केसांत हिकरीचा धूर मुरलाय, तो कुठल्याच शाम्पूला बधत नाही.
नवरा होता तोवर म्हणायचा,
तू अंधारातसुद्धा सापडशील.

मेनू सांगायला एक श्वास पुरतो:
दोन सुऱ्यांनी खटाखट बारीक केलेलं मांस, कोबी,
मक्याची चपटी भाकर, कडेनं करकरीत,
आणि झाकणाला भोक पाडलेली व्हिनेगरची बाटली,
तळाशी मिरचीच्या बिया.
टोमॅटोचा सॉस मागणाऱ्याला आम्ही हाकलत नाही.
फक्त विचारतो, कुठून आलात?

बुधवारी सव्वाअकराला ओडेसा व्हिटफील्ड येते.
चौऱ्याऐंशी वर्षं, हॅट, हातमोजे.
तिला रस्त्याकडचं टेबल नको, पंख्याखालचं नको.
मागच्या भिंतीला चिकटून एक आहे,
स्वयंपाकघराचा दणका थेट कानात,
तिथं बसते.
त्या भिंतीत हातभर चौकोन
निराळ्या रंगाच्या विटांचा.
नवखे विचारत नाहीत, त्यांना दिसत नाही.
जुने विचारत नाहीत, त्यांना माहीत आहे.

तिथं खिडकी होती.
बाहेर चिखलात उभं राहून
ओडेसाची आई त्या खिडकीतून पुडकं घ्यायची, पैसे मोजून,
आणि आत रात्रभर निखारे पसरून
ते मांस शिजवलेलं असायचं ओडेसाच्या बापानं.
हे तिनं मला एकदाच सांगितलं
आणि लगेच म्हणाली,
आज कोबीत साखर जास्त झालीय.

समोरच्या भिंतीवर मालकांच्या पिढ्या टांगलेल्या.
सगळ्यात जुन्या फोटोत थोरले मालक,
पांढरा एप्रन, एक हात डुकराच्या पाठीवर,
जणू शर्यतीचा घोडा आहे.
आणि फ्रेमच्या अगदी काठाशी
एक कोपर. दुमडलेली बाही. फावड्याचा अर्धा दांडा.
जेवताना ओडेसा तिकडं बघायची.
मला कित्येक वर्षं वाटायचं, घड्याळ बघतेय.

यंदा मार्चमध्ये मालकांची पणती, टॅमसिन,
रंगकामासाठी फ्रेमा उतरवत होती, तर काच फुटली.
फोटो फ्रेमपेक्षा रुंद निघाला.
कडेचा भाग मागे दुमडून ठेवलेला,
नीट, नखानं घडी घालून.
टॅमसिन माझ्याकडं आली. हा कोण?
म्हटलं, बुधवारपर्यंत थांब.

बुधवारी तिनं तो ओडेसाच्या ताटाशेजारी ठेवला, उलगडून.
घडीची पांढरी रेघ त्याच्या खांद्यातून गेलेली,
पण चेहरा शाबूत:
कपाळावर आठ्या, डोळे अर्धे मिटलेले,
फोटोवाल्यावर वैतागलेला.
ओडेसानं बघितलं. मग म्हणाली,
आधी जेवते. गार होईल.

आणि जेवली. शेवटच्या तुकड्यापर्यंत.
भाकरीनं ताट पुसलं.
बोटं पुसली, एकेक.
मग फोटो जवळ ओढून म्हणाली,
लीमन. झोप आलीय त्याला.
शनिवार असणार. शनिवारी दोन डुकरं लागायची.

टॅमसिन काहीतरी बोलायला लागली,
आजोबा, पणजोबा, माहीत नव्हतं,
आणि वाक्य कुठंच पोचेना.
ओडेसानं तिला बोलू दिलं.
सोडवायला गेली नाही.

बिल आज नको, टॅमसिन म्हणाली.
आजपासून कधीच नको.
तेव्हा ओडेसानं पर्स उघडली,
नोटा टेबलावर सरळ केल्या,
वर नाणी ठेवली, दर बुधवारसारखी,
सेंटपर्यंत.
घे, म्हणाली.
मोजून घे.

टॅमसिननं मोजले.
मोठ्यानं. सगळ्यांसमोर.

एक वीसला डुक्कर संपलं.
मी दार ओढून घेतलं.